विमानतळावर हरवलेले लाखभर विद्यार्थी

हीथ्रोला उतरून पासपोर्टच्या रांगेतून सुटलं की एखाद्या प्रवाशाला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस थांबवायचा. तो पोलिस नव्हता आणि कस्टमवालाही नव्हता. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, असे चार-पाच मिनिटांचे प्रश्न विचारायचा. उत्तर द्यायची सक्ती नव्हती. ही पाहणी ब्रिटनमध्ये 1961 पासून चालत आली. मूळ हेतू अगदी साधा होता: देशात पर्यटक किती येतात आणि किती पैसे खर्चतात हे कळावं. पुढे तिच्या गळ्यात दुसरंच एक काम पडलं. देशात राहायला किती माणसं आली आणि किती निघून गेली, हेही तिच्यावरूनच ठरू लागलं.

आलेल्यांतून गेलेले वजा केले की उरतं ते निव्वळ स्थलांतर. 2010 साली डेव्हिड कॅमेरन पंतप्रधान झाले ते हा आकडा लाखाच्या आत आणण्याचं वचन देऊनच. आता आकडा खाली आणायचा तर तो फुगतो कुठे हे शोधायला हवं. शोधताना सापडले परदेशी विद्यार्थी. शिकायला आलेले आणि शिकून परत गेलेले यांच्या संख्येत पाहणीला दरवर्षी जवळपास लाखाची तफावत दिसत होती. मग ही लाखभर पोरं गेली कुठे? राजकारण्यांनी उत्तर काढलं की ती व्हिसा संपल्यावर इथेच दडी मारून बसतात. तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी 2015 च्या पक्षाच्या अधिवेशनात, यातले फार जण व्हिसा संपला तरी घरी जात नाहीत, असं ठासून सांगितलं.

हा वाद आपल्यापर्यंतही पोचला होता. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं नोकरी करू देणारा व्हिसा 2012 मध्ये बंद झाला होता. शिक्षणकर्ज काढून जाणाऱ्या घरांचा सगळा हिशेब त्या दोन वर्षांवर उभा असतो. 2010-11 मध्ये ब्रिटिश विद्यापीठांत साधारण 39 हजार भारतीय विद्यार्थी होते. सहा वर्षांनी ते 17 हजारांच्याही खाली आले. कारणं आणखीही होती, रुपयासुद्धा त्याच काळात घसरला होता. पण 'हे परत जात नाहीत' या वातावरणाचा वाटा त्यात नव्हता असं कोणी म्हणणार नाही.

मग ऑगस्ट 2017 उजाडला. एप्रिल 2015 पासून ब्रिटन सोडून जाणाऱ्यांची नोंद पद्धतशीर ठेवली जाऊ लागली होती. गृहखात्याने त्या नोंदी व्हिसाशी ताडून अहवाल काढला, तर विद्यार्थी व्हिसाची मुदत संपलेल्यांपैकी 97 टक्क्यांहून जास्त जण वेळेत देशाबाहेर गेलेले निघाले. लाखभर विद्यार्थी दडून बसलेले नव्हतेच. ते कागदावर हरवले होते.

चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण पातेल्यातला भात साधारण सारखाच शिजतो. इथे पातेलं होतं वर्षाला सात-आठ लाख मुलाखतींचं, आणि त्यात खरे स्थलांतरित निघायचे जेमतेम चार-पाच हजार. म्हणजे एकेका मुलाखतीवर शेकडो माणसांचं ओझं. त्यात विद्यार्थी वेगळे काढले, आणि त्यातून परत जाणारे वेगळे काढले, की हाती उरायची मूठभर शितं.

दुसरी मेख व्याख्येत. बारा महिने किंवा अधिक काळ राहतो तो स्थलांतरित. ब्रिटनमधला एमएस्सीचा अभ्यासक्रम वर्षाचा असतो. सप्टेंबरात आलेली मुलगी 'वर्षभर राहणार' म्हणाली, की येणाऱ्यांत तिची भर पडली. प्रबंध लवकर संपवून ती अकराव्या महिन्यात घरी निघाली, तर जाताना ती वर्षभर राहिलेल्यांत बसतच नाही. येण्याच्या खात्यात ती जमा आहे, जाण्याच्या खात्यात तिचं नावच नाही. कोणी शिक्षणानंतर रीतसर नोकरीचा व्हिसा घेतला, कोणी जाताना 'पुन्हा येईन म्हणतोय' असं सांगितलं. यातला एकही जण लपलेला नाही, पण वजाबाकीत सगळे बेपत्ता.

मला या गोष्टीतलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे कोणी लबाडी केलेली नव्हती. मोजणाऱ्यांचा आकड्यात काही स्वार्थ नव्हता. आपण 'निःपक्षपाती' आणि 'अचूक' हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. तसं ते नाही. निःपक्षपाती माणूस मनापासून चुकू शकतो. फरक पुढे पडतो: चूक कोण सांगतं आणि कधी सांगतं. इथे गृहखात्याचा अहवाल येण्याच्या महिनाभर आधीच ब्रिटनच्या सांख्यिकी नियामकाने जाहीर केलं होतं की विद्यार्थ्यांच्या जाण्याच्या या आकड्यांवर विसंबू नका, ते 'प्रायोगिक' समजा.

हा नियामक म्हणजे 2007 च्या कायद्यातून जन्मलेल्या आणि एप्रिल 2008 पासून काम करणाऱ्या यूके स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीचा भाग. ही संस्था मंत्र्यांना नव्हे, थेट संसदेला उत्तरं देते. तिच्या हातात दंड नाही, अटक नाही. हत्यार एकच, जाहीर पत्र. सरकारी मर्यादशील इंग्रजीत लिहिलेलं, पण ज्याला आलं त्याचा दिवस खराब करणारं.

पहिले अध्यक्ष सर मायकल स्कॉलर यांनी डिसेंबर 2008 मध्ये खरमरीत पत्र पाठवलं ते थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला. मजूर पक्षाच्या सरकारने चाकूहल्ल्यांचे आकडे कच्चे असताना, वेळेआधीच, सोयीने बाहेर काढले होते. सव्वा वर्षाने पाळी विरोधी हुजूर पक्षाची. त्यांचे ख्रिस ग्रेलिंग हिंसक गुन्हे प्रचंड वाढल्याचं सांगत फिरत होते. पण 2002 मध्ये पोलिसांची गुन्हे नोंदवण्याची रीतच बदलली होती. आधी पोलिस स्वतःच्या अंदाजाने बरंच काही गाळायचे, नंतर तक्रारदार म्हणेल ते नोंदवू लागले. साहजिकच वहीत गुन्हे वाढले. लोकांना घरी जाऊन 'वर्षभरात तुमच्यावर हल्ला झाला का?' असं विचारणारी वेगळी पाहणी मात्र गुन्हे घटल्याचं सांगत होती. स्कॉलर यांनी ग्रेलिंग यांनाही तशाच सुरात लिहिलं. दोन्ही संघांना शिट्टी ऐकू आली, की पंच पंचासारखा वागतोय एवढी खात्री पटते.

त्यांच्यानंतर आलेल्या सर अँड्र्यू डिल्नॉट यांचं 2013 चं पत्र तर शाळेत शिकवावं. पंतप्रधान कॅमेरन पक्षाच्या प्रचारचित्रफितीत म्हणाले होते, आम्ही ब्रिटनचं कर्ज फेडत आहोत. प्रत्यक्षात 2010 च्या मध्यापासून 2012 अखेरपर्यंत सार्वजनिक कर्ज सुमारे 81,100 कोटी पौंडांवरून 1,11,100 कोटींवर गेलं होतं. घटत होती ती तूट. घरात महिन्याला दहा हजार कमी पडायचे, आता सात हजार कमी पडतात. सुधारणा खरीच, पण ते सात हजारही उसनेच आणायचे आहेत, म्हणजे देणं वाढतंच आहे. तूट हा या महिन्याचा खड्डा, कर्ज ही आजवरच्या खड्ड्यांची बेरीज. हा फरक पंतप्रधानांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

करोनाकाळात आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी एप्रिल 2020 संपण्याआधी दिवसाला लाख चाचण्यांचं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या दिवशी 1,22,347 चाचण्या 'झाल्या'. त्यात जवळपास 40 हजार संच नुसते टपालात पडलेले होते, चाचणी व्हायची होती. तेव्हाचे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी जूनमध्ये लिहिलं की समज वाढण्यापेक्षा मोठ्यात मोठा आकडा दाखवणं हाच हेतू दिसतो.

पत्रांखेरीज वेळापत्रकाचाही मुद्दा आहे. पूर्वी बेरोजगारी, महागाई असे आकडे मंत्र्यांना 24 तास आधी मिळायचे. वाईट बातमीवर पांघरूण घालायला एवढा वेळ पुष्कळ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे ओएनएसने, जुलै 2017 पासून आपल्या आकड्यांपुरता हा प्रकार बंद केला. आता अर्थव्यवस्थेचे मुख्य आकडे बहुतेक वेळा सकाळी सातला सगळ्यांना एकदमच दिसतात. आणि संसदेत कुठल्याही पक्षाच्या खासदाराला प्रश्न पडला तर 1818 पासूनचं हाउस ऑफ कॉमन्सचं ग्रंथालय आहे. तिथले संशोधक टिपणं काढून देतात, आणि त्यांची पुष्कळ टिपणं कोणालाही वाचायला खुली असतात. मत मात्र देत नाहीत.

मत न देण्याचा हा सोस जुना आहे. 1834 मध्ये लंडनमध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटी निघाली, तेव्हा तिने गव्हाची पेंढी हे चिन्ह घेतलं आणि लॅटिन ब्रीद घेतलं, त्याचा अर्थ 'मळणी दुसऱ्यांनी करावी'. आम्ही पीक कापून खळ्यावर आणून टाकू, दाणा-भूस वेगळं करणं तुमचं काम. पण पेंढी नुसती टाकली तर तिच्यावरून कोण काय नेतं ते बघायला कोणी हवंच, हे त्यांनाही लवकर कळलं असावं. 1857 मध्ये ते ब्रीद सोडून दिलं. पुढच्याच वर्षी सोसायटीने पहिली महिला सदस्य घेतली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवणारी ही बाई. खळ्यावर नुसती पेंढी टाकून घरी जाणाऱ्यांतली ती नव्हती.

पत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या 2016 च्या सार्वमतात 'बाहेर पडा' म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो. मार्गारेट थॅचर यांनी 1984 मध्ये मिळवलेली सूट पैसे पाठवण्याआधीच वजा व्हायची, त्यामुळे प्रत्यक्षात जाणारी रक्कम 25 कोटींच्या आसपास होती. त्यातलेही काही शेती-संशोधनासाठी परत यायचे. डिल्नॉट यांनी मतदानाआधी दिशाभूल म्हटलं, नॉरग्रोव्ह यांनी 2017 मध्ये तोच आकडा पुन्हा सांगणाऱ्या बोरिस जॉन्सन यांना सुनावलं. ते दुसरं पत्र वरातीमागून घोडं, पण पहिलं तर वेळेत आलं होतं. तरी 2018 च्या एका जनमत चाचणीत हा दावा ऐकलेल्यांपैकी 42 टक्के लोक तो खराच मानत होते. बस रस्त्यावर फिरते, पत्र संकेतस्थळावर पडून राहतं.

स्थलांतराचं काय झालं? महामारीत विमानतळावरची पाहणी थांबली, ती त्या कामासाठी परत आलीच नाही. आता व्हिसा आणि इतर सरकारी नोंदींवरून गणित होतं. जून 2023 ला संपलेल्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर आधी 6,72,000 सांगितलं. मे 2024 मध्ये ते 7,40,000 झालं, आणि नोव्हेंबरात 9,06,000. वर्ष तेच, माणसं तीच. नोंदी पूर्ण होत गेल्या तसा आकडा बदलला, आणि प्रत्येक बदल ओएनएसने स्वतःहून जाहीर केला. वर्तमानपत्रांनी त्यावर ओएनएसला झोडपलं. मला उलट वाटतं: न बदलणाऱ्या आकड्याची मला जास्त भीती वाटते.

खरी चिंता वेगळीच आहे. बेरोजगारी ठरवणारी श्रमबळ पाहणी लोकांच्या उत्तरांवर चालते, आणि लोक उत्तरच देईनासे झाले. 2023 च्या जुलै-सप्टेंबरात प्रतिसाद 17.3 टक्क्यांवर आला. शंभर दारांपैकी जेमतेम सतरा दारांनी उत्तर दिलं. ज्या आकड्यांकडे बघून बँक ऑफ इंग्लंड व्याजदर ठरवते, ते ऑक्टोबरात काही काळ प्रसिद्ध करणंच थांबवावं लागलं. मग ओएनएसने महामारीत बंद केलेली जुनी रीत पुन्हा सुरू केली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं परत घरोघरी जाऊन बेल वाजवू लागली.