थंडी हरियाणात, भाव ठाण्यात : अंडी, कोंबडी आणि जनावरांच्या हिवाळी बाजाराची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईची थंडी म्हणजे पहाटे स्वेटर आणि दहा वाजता पुन्हा पंखा. बदलापूर-मुरबाडकडे पारा जरा जास्त उतरला की तेवढ्यावर बातमी होते. तरी डिसेंबरात अंड्यांचा ट्रे महागतो आणि दुकानदार सांगून मोकळा होतो, "थंडी आहे ना." त्याचं म्हणणं खरं आहे, पण ज्या थंडीने भाव चढतो ती इथली नाही.

आपल्याकडची अंडी मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात. हैदराबाद, कर्नाटकातलं होस्पेट, तमिळनाडूतलं नामक्कल इथून निघालेल्या गाड्या रात्रीतून मुंबई परिसरात उतरतात. एका ट्रेमध्ये ३०, असे सात ट्रे म्हणजे २१० अंड्यांची पेटी. राज्यात पोल्ट्र्या आहेत, पण त्या पुरत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं की महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींच्या आसपास अंडी लागतात आणि त्यात कोटभर कमी पडतात. हिवाळ्यात दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश, बिहारकडे अंड्याला उठाव येतो. तिकडची भिस्त हरियाणातल्या बरवाला पट्ट्यावर. तिथला माल पुरेनासा झाला की दक्षिणेतल्या गाड्या उत्तरेकडे वळतात. मग त्याच गाड्यांसाठी मुंबईच्या व्यापाऱ्याला चार पैसे वाढवून द्यावे लागतात. वाशीच्या एपीएमसीशी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीशी, याचा संबंध नाही. तिथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत, अंडी त्यात नाहीत. अंड्यांचा व्यवहार घाऊक व्यापारी आणि त्याचे टेम्पो यांच्यावरच चालतो.

गंमत म्हणजे कोंबडीला थोडी थंडी मानवते. साधारण १८ ते २४ अंश तापमानात ती चांगली अंडी देते. उन्हाळ्यात धापा टाकल्याने तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं. मे महिन्यात ट्रेमध्ये तडकलेली अंडी जास्त निघतात त्याचं हे एक कारण. हिवाळ्यात अडचण असते ती दिवस लहान होण्याची. अंडी देणं टिकून राहायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, म्हणून शेडमध्ये पहाटे आणि संध्याकाळी दिवे लावतात. शिवाय अंग गरम ठेवायला ती खाद्य जास्त खाते. त्यातल्या त्यात बरं इतकंच की खरिपाचा मका आणि सोयाबीन याच सुमारास बाजारात येतात. एकूण काय, हिवाळ्यातली महागाई कोंबडीने कमी अंडी दिल्यामुळे होत नाही, खाणारी तोंडं एकदम वाढल्यामुळे होते.

हा भाव रोज सकाळी ठरतो कसा, याला चार दशकांचा इतिहास आहे. १९७०च्या दशकात पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांच्या पोल्ट्र्या वाढल्या, पण अंड्याचा भाव मोठ्या शहरांतले मूठभर व्यापारी ठरवत. गाडी मुंबईत पोचल्यावर व्यापारी म्हणेल तो दर घ्यायचा, कारण नाशवंत माल परत नेणार कुठे? १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी करणाऱ्या डॉ. बी. व्ही. राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनईसीसी, स्थापन झाली. तेव्हापासून केंद्रवार शेकड्याचा दर जाहीर होऊ लागला. 'संडे हो या मंडे' ही जाहिरात सगळ्यांना आठवते, पण माझ्या मते समितीचं मोठं काम रोजच्या दरपत्रकाचं. आज मुंबईचा आणि बरवाल्याचा दर शेजारी-शेजारी दिसतो, म्हणून उत्तरेतली थंडी इकडच्या ट्रेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दर सुचवलेला असतो, सक्तीचा नसतो, आणि किरकोळीत प्रत्येक जण त्यावर आपलं काही चढवतोच.

पण आपल्याकडे या चढाला एक जबरदस्त खीळ आहे, ती म्हणजे मार्गशीर्ष. नोव्हेंबर-डिसेंबरात हा महिना येतो. गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत, अनेक घरांत महिनाभर सामिष बंद, त्याच्या सुरुवातीला चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र. डोंबिवली असो की नेरूळ, या गुरुवारी चिकनच्या दुकानांत जिवंत कोंबड्यांचे पिंजरे भरलेले आणि कापणारा मोबाइल बघत बसलेला. उत्तरेकडे अंड्याला उठाव आणि इथे मार्गशीर्ष, अशा ओढाताणीत मुंबईचा दर काही दिवस रेंगाळतो. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीवर मार्गशीर्षाचा मार जास्त बसतो, कारण ती अंड्यासारखी पेटीत थांबवून ठेवता येत नाही. चाळीसेक दिवसांत दोन किलोच्या आसपास झालेला पक्षी विकला नाही तर रोज खाद्य खात राहतो. त्यात हिवाळ्यात त्याची भूक वाढते, उष्म्याने होणारी मर नसते, म्हणजे वजन भरपूर आणि गिऱ्हाईक कमी. मार्गशीर्ष संपला, थर्टी फर्स्ट आला की चित्र पालटतं. पुढे वालाच्या शेंगा आल्या की पनवेल-उरणकडे मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर पोपटी लागते, तिच्यात अंडी आणि चिकन दोन्ही असतात. माघापासून लग्नं आणि आगरी-कोळी हळदी सुरू झाल्या की बोकडालाही भाव येतो.

शहापूर, मुरबाड, कर्जतच्या शेडमध्ये मात्र थंडी खरोखर जाणवते. तिथे बरेच शेतकरी कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, पैसे किलोवर. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती कमी पडली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून रात्री बल्ब नाहीतर शेगडी, खाली भाताच्या तुसाचा थर, बाजूने गोणपाटाचे पडदे. पडदे घट्ट लावले तर आत अमोनिया कोंडतो, उघडे ठेवले तर गारठा. रात्रीतून दोनदा उठून पडदा वरखाली करणं हे हिवाळ्यातलं खरं काम.

२००६ नंतर या ऋतूला एक भीती चिकटली. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातल्या पाळीव कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू सापडला आणि नवापूरपासून कैक कोस दूर असलेल्या चिकनच्या दुकानांतही शुकशुकाट झाला. हा विषाणू गार हवेत जास्त टिकतो, आणि स्थलांतरित पक्षीही याच दिवसांत येतात. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यासोबत ठाण्यातल्या मेलेल्या बगळ्यांच्या नमुन्यांतही लागण आढळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत पोल्ट्रीतले पक्षी मेले आणि आसपासच्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरची पाळी आली. नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसात विषाणू राहत नाही, हे दरवेळी सांगितलं जातं आणि दरवेळी गिऱ्हाईक आठवडे-दोन आठवडे पाठ फिरवतंच.

जनावरांच्या बाजाराचं गणित वेगळं. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत बैलबाजार. वेळ नेमकी हीच, कारण भाताची झोडणी उरकलेली, हातात पैसा, घरात ताजा पेंढा आणि पावसाळ्यातल्या चाऱ्यावर अंग धरलेली जनावरं. पुढे उन्हाळ्यात चारा आटतो आणि विकणाऱ्याचा हात दगडाखाली जातो. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाची किंमत उतरली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हा पळणाऱ्या बैलाची चढली. २०२२ साली लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला आणि राज्यातले बाजारच बंद ठेवावे लागले.

आता पुन्हा अंड्याकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरवलं आणि त्यासाठी पाच रुपये धरले. निर्णय नोव्हेंबरातला, म्हणजे भाव चढणीला लागण्याच्या तोंडावरचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापकांना वरचा रुपया-दोन रुपये कुठून आणायचे हा प्रश्न पडला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधीच थांबवला आणि द्यायची असतील तर शाळा समित्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असं कळवलं.