उसातली साखर आणि प्रकाश: दोन शतकांची मोजणी

तोडलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर आला की त्याचे वजन लगेच कळते, पण त्यात साखर किती हे वजनावरून कळत नाही. वाण, पक्वता, पाण्याचे प्रमाण, सोबत आलेले पाचट आणि तोडणीनंतर उलटून गेलेले तास यांमुळे सारख्याच वजनाच्या दोन गाड्यांतल्या साखरेत चांगलाच फरक पडतो. हा फरक गाडीगणिक मोजता यावा म्हणून आज काही देशांत उसाचा बारीक भुगा होताच त्यावर निकट-अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या लगतचा डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टाकून त्याचा वर्णपट घेतात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते नोंदवतात. तंत्र नवे वाटते. पण साखर प्रकाशाने मोजण्याची रीत दोनशे वर्षांची आहे, आणि हे नवे यंत्र अजूनही त्या जुन्या रीतीच्या आधारानेच चालते.

फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बियो यांनी १८१५ मध्ये दाखवले की ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा प्रकाश, साखरेच्या द्रावणातून गेला की त्याचे हे प्रतल (ध्रुवणप्रतल) फिरते. किती फिरते ते द्रावणातल्या साखरेच्या प्रमाणावर आणि प्रकाशाने कापलेल्या अंतरावर ठरते. म्हणजे कोन मोजला की साखर मोजली. १८४० च्या दशकात हा कोन मोजणारे, खास साखरेसाठी बनवलेले ध्रुवणमापक वापरात आले. पुढे मोजपट्टीही ठरली: २६ ग्रॅम शुद्ध सुक्रोज विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केले आणि ते २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरले, की येणारे वाचन १०० अंश. साखर कारखान्यात ज्याला ‘पोल’ म्हणतात तो आकडा हाच. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून १८९७ मध्ये हॅम्बुर्गला साखर विश्लेषणाच्या पद्धतींसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाची सुरुवात झाली. रसातले एकूण विद्राव्य घन पदार्थ सांगणारा ब्रिक्स आणि सुक्रोजचा अंदाज देणारा पोल, या दोन आकड्यांवर कारखान्याच्या प्रयोगशाळेचा कारभार उभा राहिला.

पोलमध्ये दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे रस गढूळ आणि गडद असतो, त्यातून प्रकाश नीट जात नाही. तो निवळवण्यासाठी अनेक पिढ्या शिशाचे क्षार वापरले गेले, आणि शिसे विषारी आहे. रोज नमुने निवळवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. दुसरी अडचण अधिक खोल होती. प्रकाश फिरवणारे सुक्रोज एकटे नाही. ऊस तोडून पडला की सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि फ्रुक्टोज प्रकाशाला उलट दिशेला फिरवते. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरले की डेक्स्ट्रान बनते. ते सुक्रोजच्याच दिशेने, पण त्याच्या जवळजवळ तिप्पट जोराने प्रकाश फिरवते. त्यामुळे शिळ्या उसात पोल खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे खरा आकडा जिथे सर्वात जास्त हवा, तिथेच हे साधन फसते.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरला नाही, कारण आकड्यामागे शेतकऱ्याचे पैसे होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये उसाच्या दराच्या नियमनासाठी १९१५ मध्ये कायदा झाला. तिथे रुजलेल्या ‘कमर्शियल केन शुगर’ या सूत्राचा गाभा साधा आहे: उसातल्या पोलमधून अशुद्ध विद्राव्य घटकांचा निम्मा भाग वजा करायचा, कारण तेवढी साखर मळीबरोबर जाते असे धरलेले असते. पण सूत्राला लागणारे ब्रिक्स आणि पोल पहिल्या गिरणीतून निघणाऱ्या रसाचे असतात. पट्ट्यावरून सलग येणाऱ्या उसात एका शेतकऱ्याचा ऊस कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, याचा माग ठेवावा लागतो. शिवाय तंतूंचे प्रमाण वेगळे काढावे लागते. ब्राझीलमध्ये वेगळी वाट निघाली. तिथे ट्रकमधल्या उसात पोकळ नळी खुपसून नमुना काढतात, त्याचा भुगा करतात आणि त्यातला ५०० ग्रॅम हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून निघालेला रस तपासतात. कितीतरी टन उसाचा न्याय अर्ध्या किलोवर होतो. मला या सगळ्या इतिहासातला हाच मुद्दा कळीचा वाटतो. कोन कितीही अचूक मोजला, तरी नमुना चुकला तर ती अचूकता वाया जाते.

निकट-अवरक्त प्रकाश इथे उपयोगी पडला. दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे न दिसणारे उष्ण किरण असल्याचे विल्यम हर्शेल यांनी प्रिझम आणि तापमापकांच्या मदतीने १८०० मध्येच दाखवले होते. त्यातला ७८० ते २,५०० नॅनोमीटरचा पट्टा मात्र पुढे दीड शतक रसायनशास्त्रज्ञांनी जवळपास बाजूला ठेवला. पाणी, साखर, तंतू हे सगळे तिथे प्रकाश शोषतात, आणि त्यांच्या शोषणाच्या खुणा रुंद आणि एकमेकांवर चढलेल्या दिसतात. १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे जोरदार शोषण असते, आणि उसात पाणीच सुमारे ७० टक्के. त्यातून साखरेची खूण डोळ्यांनी वेगळी काढणे शक्य नव्हते.

अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात वेगळा विचार केला. शोषणाच्या एका शिखरामागे न लागता अनेक तरंगलांबींवरचे शोषण गणिताने एकत्र करायचे. धान्यातला ओलावा, मग प्रथिने आणि तेल अशी ही पद्धत पसरली. कॅनडाने १९७० च्या दशकात गव्हातली प्रथिने तपासायला ती स्वीकारली. संगणक स्वस्त झाले आणि १९८० च्या दशकात आंशिक न्यूनतम वर्ग ही संख्याशास्त्रीय पद्धत रूढ झाली, तेव्हा शेकडो तरंगलांबींचा एकत्र हिशेब करता येऊ लागला.

ऊस मात्र गव्हासारखा एकजिनसी दाणा नव्हे. कांड्याच्या बुडाशी साखर जास्त, शेंड्याकडे कमी; आत गर, बाहेर टणक साल, वर मातीचा थर. म्हणून आधी रसावर आणि मग भुग्यावर काम झाले. ऑस्ट्रेलियातल्या साखर प्रयोग केंद्रांच्या संस्थेने १९९० च्या दशकापासून मोठ्या पृष्ठभागावरून वर्णपट घेणारी साधने वापरली. त्याच संस्थेची पुढे आलेली यंत्रणा श्रेडरमधून, म्हणजे उसाचा भुगा करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडून वाहत जाणाऱ्या उसाचाच वर्णपट सतत घेते. रस काढायला नको, शिसे नको. एकाच वर्णपटातून पोल, ब्रिक्स आणि तंतू हे तिन्ही अंदाज मिळतात. उसाबरोबर किती माती आली याचा सुगावा देणाऱ्या राखेचाही अंदाज येतो. पैदासकारांची तर मोठीच सोय झाली. हजारो संकरित रोपांतून चांगला वाण निवडताना प्रत्येक नमुन्यामागचे प्रयोगशाळेचे काम फार कमी झाले.

अचूकतेच्या बाबतीत मात्र अवास्तव अपेक्षा ठेवू नये. वर्णपट स्वतःहून साखर सांगत नाही. आधी अनेक नमुन्यांचे वर्णपट घ्यायचे, त्याच नमुन्यांचे पोल आणि तंतू जुन्या पद्धतीने काढायचे आणि दोहोंचे नाते गणिताने एका समीकरणात बसवायचे. जुन्या मोजणीतली चूक त्या नात्यात तशीच उतरते. पोल ज्या शिळ्या उसात फसतो, तिथे पोलवर बसवलेले समीकरणही फसू शकते. सुक्रोज प्रत्यक्ष वेगळे करून मोजणाऱ्या द्रव वर्णलेखनाशी समीकरण जोडणे अधिक प्रामाणिक, पण ते महाग आणि संथ. या तंत्राची खरी कमाई मोजणीच्या संख्येत आहे. अर्ध्या किलोच्या एका निकालाऐवजी त्याच गाडीचा ऊस वाहत असताना पुन्हा पुन्हा वाचन होते, आणि नमुना निवडण्यातली चूक घटते.

नवा वाण आला, पावसाने ऊस चिखलात लोळला किंवा यंत्राचा दिवा बदलला, की समीकरण सरकते. म्हणून दर हंगामात काही नमुने बाजूला काढून ध्रुवणमापकाखाली तपासतात आणि समीकरणात भर घालतात. अनेक कारखाने एकच सामायिक समीकरण वापरत असतील, तर प्रत्येक यंत्राचे वाचन बाकीच्यांशी जुळते का, हेही त्याच वेळी पाहिले जाते.