एडिट, ब्लँक

एकदा मॉनिटर बंद केला, हेडफोन लावले आणि एनव्हीडीए चालू करून एक ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मजकूर अंधांना बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला. टॅब दाबला. आवाज आला, ‘एडिट, ब्लँक.’ म्हणजे लिहायचा रकाना, रिकामा. पुन्हा टॅब. ‘एडिट, ब्लँक.’ असं नऊ वेळा. नाव कुठं, पिनकोड कुठं, काही कळेना. मॉनिटर लावून पाहतो तर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत नाव!

मग ते ऐकू का आलं नाही? कारण स्क्रीन रीडर पडद्याकडे बघतच नाही. ब्राउझर पानाचं एचटीएमएल, म्हणजे टॅग नावाच्या खुणांनी लिहिलेला त्याचा कोड, वाचून दोन गोष्टी बनवतो. एक डोळ्यांसाठीचं चित्र. दुसरी फांद्याफांद्यांची यादी: हे बटन, ही लिंक, हा रकाना, त्याचं नाव अमुक, त्यात सध्या तमुक. स्क्रीन रीडर ही यादी बोलून दाखवतो. चित्रात ‘पिनकोड’ हा शब्द रकान्याला खेटून बसला, म्हणून यादीत तो त्या रकान्याचं नाव होत नाही. तो ‘लेबल’ टॅगमध्ये लिहून त्या टॅगच्या ‘फॉर’ या भागात रकान्याचा आयडी, म्हणजे कोडमधलं त्याचं ओळखनाव, द्यावं लागतं. काम एका ओळीचं. मग तोच रकाना ‘पिनकोड, एडिट’ असं बोलतो. शिवाय टिक करायची बारीक चौकट असेल, तर तिच्या लेबलवर क्लिक केलं तरी टिक लागते, त्यामुळे मोबाइलवर जाड बोटांच्या डोळस मंडळींचीही सोय होते.

जागा वाचवायला काही जण रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत नाव लिहितात. पहिलं अक्षर टाइप केलं की ते गायब. मला ही पद्धत मुळीच पटत नाही.

टॅब रकान्यावरून थेट पुढच्या रकान्यावर उडी मारतो, मधला मजकूर राहून जातो. ‘पॅन १० अक्षरी, कॅपिटल अक्षरांत लिहा’ ही सूचना खाली नुसतीच छापली असेल, तर ती ऐकूच येत नाही. ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या कोडमधल्या खुणेनं ती रकान्याला जोडली की नावापाठोपाठ येते. पर्यायांचंही तसंच. ‘हो, रेडिओ बटन, १ ऑफ २.’ हो, पण कशाला? प्रश्न वर कुठंतरी सुटा पडलेला. प्रश्न आणि पर्याय एकत्र बांधायला ‘फील्डसेट’ आणि ‘लेजेंड’ हे टॅग आहेत, पण वापरतो कोण?

सगळ्यात वाईट म्हणजे सबमिटनंतरची शांतता. पडद्यावर लाल चौकट उमटलेली असते, कानात काहीच नाही. माणूस अर्ज गेला असं समजून उठतो. खरं तर कर्सर पहिल्या चुकलेल्या रकान्यात नेऊन ठेवावा आणि त्या रकान्याला जोडलेलं वाक्य नेमकं हवं: ‘मोबाइल नंबर ९ आकडी भरलाय, १० आकडे हवेत.’ ‘अवैध माहिती’ ऐकून कुणाला काय कळणार?

मराठी पानांची एक वेगळीच गंमत. पानाची भाषा कोणती हे एचटीएमएलमध्ये ‘लँग’ या खुणेनं सांगायचं असतं. मराठीसाठी एम-आर. तयार टेम्पलेट उचललं की तिथं इंग्रजीच राहते आणि इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या मजकुराचा आवाज बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज असतो, पण तो आपोआप चालू व्हायला ती खूण लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या सूचनापत्रकांत तर तोही हरतो. कृतिदेव या अशाच फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, आत मात्र ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं असतात. तो बिचारा तीच वाचतो.