राजांना लॅटिन पंडित का हवे होते? प्रबोधनकाळातल्या राजसत्तेची पार्श्वभूमी

1375 साली फ्लॉरेन्स शहरानं कोलुच्चो सालुताती नावाच्या माणसाला आपला मुख्य चिटणीस नेमलं. 1406 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, तो त्या जागेवर होता. शहराचा बाहेरच्या सत्तांशी होणारा पत्रव्यवहार त्याच्या हातून जाई. मिलानचा सत्ताधीश ज्यान गालेआत्सो व्हिस्कोंती हा फ्लॉरेन्सचा कट्टर वैरी. सालुतातीचं एक पत्र आपल्याला हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त महागात पडतं, असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. तो खरोखर तसं म्हणाला असो वा नसो, ही गोष्ट लोकांना खरी वाटली आणि टिकून राहिली.

पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातले राजे बळकट कसे झाले, याचं ठरलेलं उत्तर असं आहे: तोफा आल्या, सरदारांचे किल्ले निकामी झाले, व्यापारी वर्ग राजाच्या बाजूनं उभा राहिला. यात चूक काही नाही. पण या उत्तरातून चिटणीस गळून पडतो. मला तर तो या कथेच्या मधोमध बसलेला दिसतो.

आधी दोन शब्दांचा गुंता सोडवायला हवा. आपल्या पाठ्यपुस्तकांत या काळाला ‘प्रबोधन’ आणि त्यातल्या विचाराला ‘मानवतावाद’ म्हणतात. प्रबोधन म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकोणिसाव्या शतकातली समाजसुधारणा येते, आणि मानवतावाद म्हटलं की भूतदया, किंवा देवाला बाजूला सारून माणसाला मध्यभागी बसवणं. इटलीत तेव्हा जे चाललं होतं ते बरंच वेगळं होतं. ‘स्तुदिया हुमानितातिस’ म्हणजे पाच विषयांचा अभ्यासक्रम: व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य आणि नीतिशास्त्र. हे विषय शिकवणारा तो ‘उमानिस्ता’. यातले बहुतेक जण श्रद्धाळू ख्रिस्ती होते, कित्येक तर पाद्रीच होते. त्यांचा ध्यास होता प्राचीन रोमनांसारखं लिहिण्या-बोलण्याचा. इटालियन कवी पेट्रार्कला 1345 मध्ये व्हेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची खासगी पत्रं सापडली, तेव्हा त्यानं आनंदाच्या भरात थेट सिसेरोलाच पत्र लिहिलं आणि राजकारणात विनाकारण गुंतल्याबद्दल त्या दिवंगत रोमनाची कानउघाडणीही केली. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी असं समोरासमोर भांडता येतं, ही जाणीव नवी होती. असं शिक्षण घेतलेला माणूस पोटासाठी कुठं जाणार? शिकवण्या होत्या. त्याखेरीज वकिलाती, दरबार आणि चिटणीशी.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतलं आणखी एक वाक्य इथंच तपासून घेऊ: 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान ग्रीक पोथ्या घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधन सुरू झालं. मॅन्युएल ख्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्समध्ये शिकवायला आला तो 1397 मध्ये, आणि त्याला बोलावणाऱ्यांत हाच सालुताती पुढे होता. पेट्रार्क तर 1374 मध्येच वारला होता. 1453 नंतर विद्वान आले हे खरं, पण ते पेटलेल्या चुलीत लाकडं घालायला आले.

त्याच 1453 सालची दुसरी घटना राजसत्तेच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची आहे. 17 जुलैला फ्रान्समधल्या कास्तियों इथं झां ब्यूरोच्या तोफखान्यानं इंग्रजी सैन्याचा धुव्वा उडवला आणि शंभर वर्षांचं म्हणून ओळखलं जाणारं युद्ध संपलं. या विजयाची तयारी चौदा वर्षं आधीपासून चालली होती. 1439 मध्ये फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स यानं हुकूम काढला की सैन्य उभारण्याचा अधिकार फक्त राजाचा. त्यानंतर ‘ताय’ नावाचा कर लढाई असो-नसो, दरवर्षी वसूल होऊ लागला. 1445 मध्ये कायम पगारी घोडदळाच्या तुकड्या उभ्या राहिल्या. सरदारांचं 1440 चं बंड मोडल्यावर बहुतेकांनी हे सोसलं, कारण बऱ्याच भागांत त्यांना हा कर माफ होता. भार शेतकऱ्यावर पडला.

कायमचं सैन्य म्हणजे कायमचा पगार, पगार म्हणजे कायमचा कर, आणि कर म्हणजे याद्या, हिशेब, तक्रारी, निवाडे. घोड्यावर बसणाऱ्या सरदाराला हे काम जमणारं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. तिथं कायदा आणि लॅटिन शिकलेला, घराणं नसलेला, राजाच्या मर्जीवर जगणारा माणूस लागतो. ‘राजा आपल्या राज्यात सम्राटच असतो’ हे सूत्र मध्ययुगीन कायदेपंडितांनी आधीच घडवून ठेवलं होतं. ते वापरणारी माणसं आता दफ्तरात येऊन बसली.

राजाला पंडित कसा उपयोगी पडतो, याचं सगळ्यात धारदार उदाहरण लोरेन्झो वाल्लाचं आहे. अरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो नेपल्सच्या गादीसाठी लढत होता आणि पोप चौथा युजीन त्याच्या विरोधात होता. पश्चिमेतल्या सत्तेवर पोपचा दावा ज्या कागदांवर टेकलेला होता, त्यांत एक ‘कॉन्स्टंटाइनचं दानपत्र’ होतं. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननं रोम आणि पश्चिमेचं साम्राज्य पोपला दिलं, असं त्यात लिहिलेलं. 1440 मध्ये आल्फोन्सोच्या पदरी असलेल्या वाल्लानं ते वाक्यावाक्यानं सोलून काढलं. चौथ्या शतकातल्या रोममध्ये ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले? कॉन्स्टँटिनोपल शहर त्या नावानं अजून वसलेलंच नाही, तर त्याचा उल्लेख दानपत्रात कसा? ही लॅटिन त्या काळची नव्हेच. कागद बनावट आहे हे त्यानं भाषेच्या आणि इतिहासाच्या जोरावर सिद्ध केलं. आज इतिहासकार ते आठव्या शतकातलं मानतात.

ही टीका निष्पक्ष संशोधन म्हणून जन्मली नाही. राजाला पोपविरुद्ध हत्यार हवं होतं आणि वाल्लानं ते घडवून दिलं. पण पद्धत खरी होती, म्हणून ते हत्यार राजाच्या गरजेपेक्षा जास्त टिकलं. पुढे वाल्ला खुद्द पोपच्याच दरबारात नोकरीला लागला. त्याच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी जर्मनीत उलरिख फॉन हुटननं ते पुस्तक छापलं आणि 1520 मध्ये ते पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्यूथरच्या हाती पडलं. मधल्या काळात गुटेनबर्गचा छापखाना आला होता. हस्तलिखिताच्या मोजक्या प्रती दडपता येतात, छापील पुस्तक दडपणं फार कठीण.

स्पेनमध्ये हीच गोष्ट व्याकरणाच्या वाटेनं गेली. कॅस्टिलची इसाबेला आणि अरागॉनचा फर्डिनंड यांचं लग्न 1469 मध्ये झालं. दोन्ही राज्यांचे कायदे, सभा, नाणी वेगळीच राहिली, तेव्हा ‘स्पेन एक झाला’ हे विधान जरा जपूनच करावं. तरी कॅस्टिलमध्ये इसाबेलानं शहरोशहरी आपले ‘कोरेहिदोर’, म्हणजे राजसत्तेचे अधिकारी, बसवले आणि सरदारांनी बळकावलेलं बरंचसं उत्पन्न परत मिळवलं. 1492 च्या जानेवारीत ग्रॅनडा पडलं, मार्चअखेर ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला, 3 ऑगस्टला कोलंबस निघाला आणि 18 ऑगस्टला सालामांकात अंतोनिओ दे नेब्रिहाचं कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण छापून झालं. लॅटिन, ग्रीकला व्याकरण असतं. घराघरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला कशाला? राणीलाही हाच प्रश्न पडला होता. प्रस्तावनेत नेब्रिहा सांगतो की त्याच्या वतीनं आव्हिलाच्या बिशपनं उत्तर दिलं: महाराणी ज्या परक्या लोकांना जिंकतील त्यांना जेत्यांचे कायदे आणि त्या कायद्यांची भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक लागेल. भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते, हे नेब्रिहाचं वाक्य त्याच प्रस्तावनेतलं. अमेरिका नावाचं काही आहे हे माहीत नसताना ते छापलं गेलं.

फ्रान्समध्ये पहिल्या फ्रान्सिसच्या पदरी गियोम ब्युदे होता. 1508 मध्ये त्यानं रोमन कायद्याच्या संहितेवर टिपा लिहिल्या आणि दाखवून दिलं की हे कायदे रोमच्या विशिष्ट काळातल्या गरजांतून जन्मले होते. राजाच्या वकिलांना हे तसं गैरसोयीचं होतं, कारण त्यांना तो कायदा कालातीत हवा होता. तरी राजानं ब्युदेला जवळ केलं. त्याच्याच आग्रहामुळे 1530 मध्ये राजानं स्वतःच्या पगारावर ग्रीक आणि हिब्रूचे अध्यापक नेमले. पॅरिस विद्यापीठातले धर्मशास्त्री खवळले, पण अध्यापक टिकले. आजच्या ‘कोलेज द फ्रान्स’चा उगम तिथं आहे. 1539 च्या ऑगस्टमध्ये व्हिलेर-कोत्रे इथला हुकूम निघाला: न्यायालयांचे निवाडे आणि सरकारी दस्त लॅटिनमध्ये नव्हे, ‘फ्रेंच मातृभाषेत’ लिहायचे. त्याच हुकमानं चर्चला बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवणंही सक्तीचं केलं. कोण कधी जन्मलं हे आता राजाच्या हुकमानं लिहिलं जाऊ लागलं. मला हे कलम तोफखान्याइतकंच वजनदार वाटतं.

इंग्लंडमध्ये गणित जरा चिघळलं. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत गादी मिळवलेल्या सातव्या हेन्रीचा वारसाहक्क लंगडा होता. युरोपच्या दरबारांत मान मिळावा म्हणून त्याला चांगल्या लॅटिनमध्ये लिहिलेला इंग्लंडचा इतिहास हवा होता. तो लिहायला घेतला पॉलिडोर व्हर्जिल या इटालियनानं. पण त्यानं ट्रॉयहून येऊन ब्रिटन वसवणारा दंतकथेतला ब्रूटस आणि आर्थर राजाचे दिग्विजय यांवरच शंका घेतली. इंग्रज वाचक भडकले. त्याचा ग्रंथ 1534 मध्ये बाझलला छापला गेला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, 1533 मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटनं रोमकडे अपील करण्यास बंदी घालणारा कायदा केला, त्याच्या सुरुवातीला आधार कशाचा? जुन्या, अस्सल इतिहासांचा आणि बखरींचा. त्यांवरून हे राज्य ‘साम्राज्य’ असल्याचं सिद्ध होतं, असं तो कायदा म्हणतो. इतिहास आता राज्याच्या पुराव्याचा कागद बनला होता.

या सगळ्यात थॉमस मोर या इंग्रज पंडिताचं प्रकरण मला सोडवत नाही. 1516 हे साल बघा. त्या वर्षी इरॅस्मस या डच पंडितानं पुढे सम्राट होणाऱ्या तरुण चार्ल्ससाठी ख्रिस्ती राजाच्या शिक्षणावरचं पुस्तक छापलं. निकोलो मॅकियाव्हेली तेव्हा नोकरी गमावून घरी बसलेला. 1498 ते 1512 तोही फ्लॉरेन्सच्या चिटणीशीतच होता, आणि राजांविषयीचं त्याचं छोटं पुस्तक हस्तलिखितातच फिरत होतं. त्याच वर्षी लूव्हेंमध्ये मोरचं ‘युटोपिया’ निघालं. त्याचा पहिला भाग म्हणजे एक भांडण आहे: शहाण्या माणसानं राजाची नोकरी करावी का? हिथ्लोडे हा प्रवासी म्हणतो, करू नये, राजाला सल्ला नको असतो, होकार हवा असतो. पुस्तकातला मोर म्हणतो, वारा आवरता येत नाही म्हणून वादळात जहाज सोडू नये. जे चांगलं करता येत नाही ते निदान कमी वाईट करावं. मोर हे लिहीत होता तेव्हा आठव्या हेन्रीच्या नोकरीचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या दाराशी येऊन ठेपला होता. तो राजाच्या सल्लागारांत गेला. 1529 मध्ये लॉर्ड चान्सलर झाला, 1532 मध्ये राजीनामा दिला. राजा इंग्लिश चर्चचा सर्वोच्च प्रमुख आहे हे मान्य करायला तयार नव्हता, म्हणून 6 जुलै 1535 ला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या जागी राजाच्या कानाशी आलेला थॉमस क्रॉमवेलही वाचन असलेला, कागदपत्रांत तरबेज, सामान्य घरातला माणूस होता. 1533 चा तो कायदा मुख्यतः त्याच्याच हातचा. मोरनंतर पाच वर्षांनी, 1540 मध्ये, क्रॉमवेलचंही डोकं उडालं. घराणं नसलेला माणूस राजाला का आवडतो याचं हे दुसरं कारण: त्याच्यामागे तलवार उपसणारं कुणी नसतं.

राजे सर्वशक्तिमान झाले होते असं मात्र नाही. 1520-21 मध्ये कॅस्टिलच्या शहरांनी चार्ल्सविरुद्ध बंड केलं, 1536 मध्ये उत्तर इंग्लंड पेटलं. पोलंडमध्ये सरदार वरचढ राहिले आणि जर्मनीत सम्राटाला स्वतःचा कायमचा कर कधीच धड बसवता आला नाही.

ही पार्श्वभूमी आपल्या किनाऱ्यापर्यंत येते ती पोर्तुगालमार्गे. तिसऱ्या जॉननं 1536 मध्ये पोपकडून आपल्या राज्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेऊन शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आणवलं. त्याच राजानं 1548 मध्ये कोइंब्राला नव्या विद्येचं महाविद्यालय उघडून फ्रान्समधून पंडित बोलावले, आणि दोन वर्षांत त्यांतले काही जण त्याच इन्क्विझिशनच्या कोठडीत गेले. सालामांका आणि अल्काला इथं शिकलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. 1563 मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ग्रीक-रोमन ग्रंथकारांवरची श्रद्धा बाळगूनही, इथल्या वैद्यांनी सांगितलेलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं असेल तर ते तो ठामपणे मांडतो. वाल्लानं कागदाबाबत जे केलं तेच ओर्तानं हिंग, मिरी आणि दालचिनीबाबत केलं. पुस्तक निघालं त्याच्या तीन वर्षं आधी, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशनचं कार्यालय सुरू झालं होतं. ओर्ता जन्मानं ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना जिवंत जाळली गेली आणि 1580 मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली.