कॉटेज मीटिंग

कॉटेज मीटिंग : ख्रिस्ती मंडळीतील (एका चर्चच्या सभासदांपैकी) कुटुंबांनी आठवड्यातून एकदा, आळीपाळीने एकेकाच्या घरी भरवायची प्रार्थनासभा. ‘घरसभा’ किंवा नुसती ‘मीटिंग’ असेही म्हणतात. नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबाग या भागांतल्या ख्रिस्ती घरांना ती परिचयाची आहे. रविवारच्या उपासनेत बाकावर बसून ऐकले तरी चालते. इथे मात्र स्वतः वाचावे लागते, बोलावे लागते आणि शेजारी बसलेल्याचे दुखणे माहीत करून घ्यावे लागते.

घरोघरी जमण्याचा उल्लेख बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दुसऱ्याच अध्यायात येतो. आजच्या पद्धतीचे एक मूळ मात्र चक्क कर्जफेडीत आहे. 1742 मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलच्या मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) लोकांनी प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर बारा जणांमागे एक पुढारी नेमला. त्याने घरोघर फिरून आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला गेल्यावर कोण दारूला लागला, कोणाच्या घरात भांडण आहे, हे दिसू लागले आणि वर्गणीपेक्षा विचारपूस मोठी ठरली. नागपुरात स्कॉटिश मिशनचे काम 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सुरू झाले. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या (चर्चसंस्था) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र ऐनवेळी बाहेर राहिले. या मंडळ्यांच्या प्रार्थनेच्या रीती वेगवेगळ्या, त्यामुळे एकाच बैठकीत कोणी छापील प्रार्थना वाचतो, तर कोणी डोळे मिटून मनाच्या शब्दांत करतो. दोन्ही चालते.

सभेला दहा-बारा माणसे पुरेत आणि वेळ सव्वा तासाच्या वर नको. आधी दोन गीते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीची पदे पुष्कळांना पाठ असतात, त्यामुळे पेटी नसली तरी अडत नाही. (टिळकांच्या हाती नवा करार आला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.) मग बायबलमधला दहा-पंधरा ओव्यांचा (वचनांचा) एकच शास्त्रभाग आळीपाळीने दोनदा वाचतात. त्यावर तीन प्रश्न : इथे काय म्हटले आहे, यात मी कुठे आहे आणि पुढच्या सभेपर्यंत मी काय करणार. तिसरा प्रश्न गाळला की चर्चा छान रंगते आणि हाती काही लागत नाही. चालवणाऱ्याने पाच मिनिटांच्या वर बोलू नये. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आले की सगळे त्यांच्याकडे बघतात आणि सभेचा उपदेश होतो. म्हणून काही गटांत पाळक शेवटच्या आशीर्वचनापुरतेच तोंड उघडतात.

सभेचा गाभा म्हणजे विनंत्या. त्यांच्यासाठी वही ठेवतात : तारीख, नाव, विनंती आणि चौथा रकाना उत्तराचा. ‘आईसाठी प्रार्थना’ असे मोघम लिहीत नाहीत. ‘आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, मंगळवारी सकाळी’ असे लिहितात, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी कोणीतरी फोन करतो. चौथा रकाना कोरा राहिलेली विनंती पुढच्या पानावर उतरवतात, खोडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सभा साडेसातच्या पुढे ढकलावी लागते आणि विनंत्यांच्या वेळी कूलर बंद करावा लागतो. त्याच्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचे ऐकू येत नाही, आणि ज्याचे दुखणे खरे असते तो बहुधा हळूच बोलतो.

बिघाडही इथेच होतो. ‘अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, त्याचं काय चाललंय ठाऊकच आहे’ ही प्रार्थना नव्हे, चुगली. म्हणून नियम असा की विनंती स्वतःची द्यावी, दुसऱ्याची द्यायची तर त्याला विचारून. दुसरा दोष सल्ल्याचा. बायबलमधल्या दुःखात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले, तोवर ठीक होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

मेडिकल किंवा मेयोत (नागपूरची सरकारी रुग्णालये) रुग्णाच्या भेटीला जाताना दोघांनी जावे, खाटेवर बसू नये, दहा मिनिटांत निघावे. प्रार्थना करू का हे आधी विचारावे. स्तोत्र 23 किंवा 121 आणि मिनिटभराची प्रार्थना एवढे बस्स. आजार पापामुळे आला असे सुचवणे चूकच, योहान 9 मध्ये येशूने ते स्पष्ट नाकारले आहे. गोळ्या बंद करायला सांगणे तर धोक्याचे. मनाच्या आजारात असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. रुग्णापेक्षा त्याच्यापाशी बसणारा जास्त थकलेला असतो. त्याला दोन तास घरी पाठवून आपण बसणे, ही डब्याहून मोठी मदत.

मदतीची हद्द बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सापडते : दुसऱ्या ओवीत एकमेकांची ओझी वाहायला सांगितले आहे आणि पाचव्या ओवीत प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पुष्कळ भाष्यकार पहिल्याचा अर्थ न पेलणारे वजन आणि दुसऱ्याचा आपली रोजची शिदोरी असा लावतात. ऑपरेशनची रक्कम पहिल्यात बसते, रोजचे वाचन दुसऱ्यात. वाचनाची सुरुवात उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून केली की पुष्कळ जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय रोज एक असे घ्यावेत, नंतर स्तोत्रे.

खाण्याचे मात्र आवरावे. एका घरी चहा-बिस्किटे, दुसऱ्या घरी समोसे, तिसऱ्या घरी तर्री-पोहे. मग चौथे घर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते. चहावरच थांबायचे हे पहिल्याच दिवशी ठरवलेले बरे.

माणसे पंधरा-सोळा झाली की गट फोडतात. जुनी वही एका गटाकडे राहते आणि चौथा रकाना कोरा असलेल्या विनंत्या दुसऱ्याच्या नव्या वहीत, जुन्याच तारखांसह, उतरवून देतात.