विद्यार्थ्याचे स्वस्त विमान तिकीट : सवलत आली कोठून?

जुलै उजाडला की जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा अशा गावांतील काही घरांत एकच विषय चालतो. मुलाला किंवा मुलीला परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, बँकेचे कर्ज मंजूर झालेले असते, व्हिसाची वाट पाहणे चालू असते आणि वडील विचारतात, “विद्यार्थ्याला विमानातही सवलत असेलच ना?” हा प्रश्न साहजिक आहे, कारण एसटीचा पास आणि रेल्वेची सवलत आपल्या माहितीची आहे : शाळा-कॉलेजचा शिक्का दाखवला की ठराविक टक्के भाडे कमी होते. विमानाच्या भाड्यातील सवलत मात्र सरकारने विद्यार्थ्याला दिलेली नाही. ती रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीतून निघाली आहे, आणि तिची ही जन्मकथा ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडील अनेक कुटुंबे चुकीच्या ठिकाणी स्वस्ताई शोधत राहतात.

दुसरे महायुद्ध संपत असताना, एप्रिल १९४५ मध्ये, हवाना येथे विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना स्थापन झाली. पुढची सुमारे तीन दशके आंतरराष्ट्रीय भाडी या संघटनेच्या परिषदांत एकमताने ठरत आणि त्या त्या देशांची सरकारे त्यांवर शिक्कामोर्तब करीत. एका मार्गावर दोन कंपन्यांची विमाने असली तरी भाडे एकच असे, त्यामुळे स्वस्त तिकीट शोधण्याला अर्थच नव्हता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा जाहिरातीत भाडे होते १,७२० रुपये. त्या काळात ही रक्कम सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात नव्हती. शिकायला जाणारा विद्यार्थी त्यामुळे मुंबईच्या बंदरातून बोटीनेच जाई. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला आणि जून १९७५ पर्यंत बंद राहिला. आफ्रिकेला वळसा घालणारा लांबलचक जलमार्ग कोणालाच परवडेना, तेव्हा बोटीचा विद्यार्थी हळूहळू विमानाकडे वळला.

आपल्याकडे भाड्याहूनही मोठी अडचण परकीय चलनाची होती. परदेशाचे तिकीट काढायचे तर ‘पी फॉर्म’ भरून रिझर्व्ह बँकेची मंजुरी घ्यावी लागे, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडणाऱ्या भारतीयाच्या हाती जेमतेम ८ डॉलर असत. पुढे नामवंत झालेल्या कितीतरी लोकांच्या आठवणींत हे ८ डॉलर आढळतात. खिशात एवढेच असताना तिकिटाची तुलना करत बसण्याची चैन कोण करणार?

युरोप-अमेरिकेतील तरुण मात्र याच काळात त्या बंदिस्त व्यवस्थेतल्या फटी शोधत होता. १९४९ मध्ये विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी प्रवास परिषद स्थापन केली. आजचे ‘आयसिक’ हे विद्यार्थी ओळखपत्र त्याच प्रवाहातले आहे. अटलांटिक मार्गावर आइसलँडची लॉफ्टलेइडिर ही कंपनी आयाटाच्या दराबाहेर राहून स्वस्तात नेई. तिची पंख्यांची विमाने संथ होती, वाटेत आइसलँडला थांबत, पण वेळ भरपूर आणि पैसा कमी असलेल्या विद्यार्थ्याला ते चालत असे. दुसरी वाट चार्टर विमानांची होती. एखाद्या मंडळाचे निदान सहा महिन्यांचे सभासद असाल, तर त्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या विमानातून स्वस्तात जाता येई, आणि साहजिकच केवळ विमानासाठी मंडळे निघू लागली. अमेरिकेत १९६६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १२ ते २१ वर्षे वयाच्या तरुणांना देशांतर्गत प्रवासासाठी निम्मे भाडे देऊ केले, पण अट अशी की विमान सुटण्याच्या वेळी जागा उरली तरच बसायचे. यालाच स्टँडबाय म्हणत.

या सर्वांचा कळस म्हणजे ब्रिटिश विमान उद्योजक फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ ही विमानसेवा. २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनच्या गॅटविक विमानतळावरून ती न्यूयॉर्कला सुरू झाली. एका बाजूचे भाडे ५९ पौंड, आगाऊ आरक्षण नाही, त्याच दिवशी रांगेत उभे राहून तिकीट घ्यायचे, जेवणाचे पैसे वेगळे. पाठीवरची पिशवी उशाला घेऊन तरुण मुले रांगेत झोपत. आपल्या एसटी स्टँडावर दिवाळीत जागा मिळवण्यासाठी जी धडपड चालते, तिच्याहून हे फार वेगळे नव्हते. मला या इतिहासात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते : तरुणाला स्वस्त तिकीट मिळाले ते तो गरीब किंवा होतकरू होता म्हणून नव्हे. त्याच्याजवळ वेळ होता, आज नाही तर उद्या जाऊ असे तो म्हणू शकत होता, आणि शेवटच्या क्षणी रिकामी राहणारी खुर्ची भरायला कंपनीला नेमका असाच माणूस हवा होता. त्या पिढीतले कित्येक जण आशियातही उतरले. अजिंठा पाहण्यासाठी जळगाव स्टेशनवर उतरणारे परदेशी तरुण याच स्वस्ताईच्या जमान्यातले प्रवासी होत.

लेकर यांची कंपनी ५ फेब्रुवारी १९८२ रोजी बुडाली, पण तोवर जुनी चौकट मोडली होती. १९७० पासून जंबो जेट धावू लागल्याने खुर्च्यांची संख्या एकदम वाढली होती, आणि ऑक्टोबर १९७८ च्या कायद्याने अमेरिकेने देशांतर्गत भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवले होते. त्यानंतर जे घडले त्याचा परिणाम आज जळगावात मोबाइलवर तिकीट पाहणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतो. १९८५ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने संगणकाच्या आधारे एकाच विमानातील, एकाच वर्गातील खुर्च्या निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत वाटल्या. प्रत्येक गटाला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर असते. स्वस्त अक्षराच्या थोड्याच खुर्च्या ठेवायच्या, त्या संपल्या की पुढचे महाग अक्षर उघडायचे, आणि घाईचा प्रवासी शेवटी येणार हे गृहीत धरून त्याच्यासाठी काही खुर्च्या राखून ठेवायच्या, अशी ती पद्धत. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत मोठा फरक असतो तो यामुळे. मंगळवारी रात्री शोधले की भाडे उतरते, किंवा ब्राउझरची नोंद पुसली की उतरते, या समजुतींना माझ्या मते फारसा आधार नाही. भाडे हलते ते बहुधा एक अक्षर संपून दुसरे उघडते तेव्हा, किंवा कंपनी मागणी पाहून खुर्च्यांची वाटणी बदलते तेव्हा.

भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने दुसरा मोठा बदल आखातात झाला. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईची एमिरेट्स ही विमान कंपनी सुरू झाली आणि कराचीबरोबर मुंबई हे तिच्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक होते. पुढे कतार एअरवेज, एतिहाद आल्या. मुंबईहून उचललेला प्रवासी दुबईत किंवा दोह्यात विमान बदलून युरोप-अमेरिकेला पोहोचवायचा, हा त्यांचा धंदा, आणि थेट जाणाऱ्या विमानांच्या भाड्यावर त्यामुळे दाब आला. इकडे १९९४ मध्ये विमान वाहतुकीतील सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, जून २००० पासून परकीय चलनाचा सौम्य कायदा लागू झाला, आणि एप्रिल २००५ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसने केरळहून आखाताकडे कमी खर्चाची सेवा सुरू केली. त्याच वर्षी मेकमायट्रिपने भारतात तिकीटविक्री सुरू केली. १ जून २००८ पासून आयाटाने कागदी तिकिटे बंद केली, तेव्हा लाल कार्बनची ती पुस्तिका आणि ती फाडून देणारा मुंबईचा एजंट, दोघांचेही महत्त्व ओसरले. विद्यार्थ्यांच्या तिकिटांसाठी जगभर नाव असलेली एसटीए ट्रॅव्हल ही कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या फटक्यात, बंद पडली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाश्चात्त्य तरुणाजवळ जो वेळ होता, तो आपल्या विद्यार्थ्याजवळ नसतो. विद्यापीठ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, व्हिसा कधी कधी पंधरा दिवस आधी हातात पडतो, आणि देशभरातले हजारो विद्यार्थी त्याच आठवड्यांत निघतात. विमान कंपनीच्या हिशेबात हा घाईचा प्रवासी आहे. मग त्याला ती भाड्यात भरघोस सूट कशाला देईल? म्हणून आजची विद्यार्थी सवलत बहुतेक ठिकाणी भाड्यात थोडी आणि इतर गोष्टींत अधिक असते : साधारण १० किलो किंवा एक बॅग जास्त नेण्याची मुभा आणि तारीख बदलण्याच्या शुल्कात माफी किंवा कपात. तिला वयाची अट असते आणि विमानतळावर ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र मागितले जाते.

हे १० किलो किरकोळ समजू नयेत. आमच्या पुतण्याची बॅग आम्ही किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चार वेळा वजन केली होती. कुकर काढला, पुस्तके काढली, शेवटी वहिनींनी नागलीचे पापड आणि बिबड्यांचा डबा काढून बाजूला ठेवला, तेव्हा कुठे काटा ठरलेल्या २३ किलोंवर आला. त्याने सर्वांत स्वस्त म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे घेतली होती. पहिले विमान तीन तास उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले, आणि दोन्ही तिकिटे एका पीएनआरवर नसल्यामुळे दुसऱ्या कंपनीने हात वर केले. नव्या तिकिटात वाचवलेले पैसे तर गेलेच, शिवाय वर भर पडली. संपूर्ण प्रवास एका तिकिटावर असता, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली असती.

खान्देशचा विद्यार्थी आणखी एक खर्च हिशेबात धरत नाही, तो म्हणजे मुंबईपर्यंतचा. जळगाव विमानतळावरून डिसेंबर २०१७ मध्ये छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली प्रवासी सेवा सुरू झाली, पण ती देशांतर्गत, आणि मधल्या काळात ती वारंवार खंडितही झाली. त्यामुळे बहुसंख्य लोक आजही रात्रीच्या गाडीने किंवा आजी, काका, मामा सगळ्यांना घेऊन क्रूझर जीप करून कसारा घाट उतरतात. पहाटेचे स्वस्त विमान घेतले तर आदला दिवस मुंबईत काढावा लागतो, आणि लॉजचे बिल त्या स्वस्ताईला खाऊन टाकते.

विद्यापीठाची तारीख डोक्यावर नसलेल्या, फिरायला निघालेल्या तरुणासाठी मात्र परिस्थिती बदलली आहे, कारण त्याच्याजवळ तो जुना वेळ आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरतहून शारजा, डिसेंबर २०२३ मध्ये दुबई आणि डिसेंबर २०२४ मध्ये बँकॉक अशी विमाने सुरू झाली, आणि इंदूरहून जुलै २०१९ मध्ये दुबईची सेवा निघाली. नंदुरबारच्या मुलाला ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरत मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते, आणि धुळ्याहून आग्रा रस्त्याने इंदूरही गाठता येते. तरीही घरात तिकीट पाहताना ‘कोठून’ या रकान्यात सवयीने मुंबईच लिहिले जाते.