मानशीच्या दारापासून खाणींच्या मर्यादेपर्यंत

भरती चढली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या जलद्वाराचं, लाकडी दार पाण्याच्या दाबानेच मिटतं. ओहोटी लागली की शेतातलं साचलेलं पाणी तेच दार उघडून नदीत उतरतं. गोव्याच्या सुमारे १८ हजार हेक्टर खाजणांची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींची, शेती शतकानुशतकं या युक्तीवर उभी राहिली. पण दार आपसूक हलत असलं तरी बाकी काहीच आपसूक होत नसे. खेकड्यांनी बांध कुठे पोखरलाय, पावसाने जमिनीतलं मीठ कितपत धुतलंय, कोरगूट हे खारं सोसणारं भात कधी पेरायचं, कापणीनंतर खारं पाणी आत घ्यायचं का, हे त्या त्या वर्षी पाहून ठरायचं. ठरवणारी होती ‘गावकरी’ ही गावाची सामूहिक संस्था, म्हणजे पुढे पोर्तुगीज कागदपत्रांतली कोमुनिदाद. १५२६च्या ‘फोराल’ या पोर्तुगीज सनदेत गावांच्या या रूढी नोंदल्या गेल्या.

पर्यावरणाच्या परिभाषेत जवळपास याच रीतीला आज ‘अनुकूली व्यवस्थापन’ म्हणतात. कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ क्रॉफर्ड हॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना १९७८ साली पुस्तकरूपात मांडली. निसर्गाचं सगळं गणित आधी कळणार नाही, तेव्हा निर्णय हा प्रयोग समजून घ्यावा, परिणाम मोजावा आणि निर्णय बदलावा, असं तिचं सूत्र. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणातून १९९६ साली मुद्दाम पूर सोडला गेला. खालच्या काठांवरचे वाळूचे पट्टे पुन्हा उभे राहतील ही अपेक्षा. ते उभे राहिले, पण टिकले नाहीत. मग उपनदीने ताजी वाळू आणली की त्या पाठोपाठ पूर सोडायचा, असा धडा घेऊन २००४ साली पुढचा प्रयोग झाला. चूक कबूल करायची सोय योजनेतच होती, हे मला यात सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे तशी सोय क्वचितच. १९६४च्या कूळ कायद्यानंतर खाजणांच्या बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीतल्या मासळीच्या लिलावाला मोल आलं, शेतीचं घटलं. मासळीसाठी खारं पाणी आत ठेवणं कुणाच्या तरी फायद्याचं ठरलं आणि दार कधी उघडायचं हा प्रश्न शेताचा उरला नाही. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांना खास संरक्षण मिळालं खरं, पण बांधावर रोज फेरी मारणारा माणूस अधिसूचना कुठून आणणार?

सरकारी परवानगीचा साचा तर एकदाच निर्णय घेण्याचा. १९९४ आणि २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनांनी आधी अभ्यास, मग अटी आणि मग दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल, अशी वाट घातली. तो अहवाल प्रकल्पवाल्यानेच लिहायचा! खाणींच्या बाबतीत त्याचं फलित दिसलं. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात झालं, आणि २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने, मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, तीही तज्ज्ञ समितीचा अंतिम अहवाल येईपर्यंत. आकडा तात्पुरता आहे असं निकालातच म्हटलेलं, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट.

उत्तर गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, विमानतळ हे दुसरं उदाहरण. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी रोखून ती पुन्हा तपासायला सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह ती कायम झाली आणि अटींच्या अंमलावर देखरेखीसाठी ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेची नेमणूक झाली. प्रकल्पवाल्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पाहावं, एवढं तरी त्यातून मान्य झालं. फक्त सडा हा खाजणासारखा नाही. तिथे चूक उमगली तरी उलटं फिरवायला दार नसतं, आणि २०२२च्या डिसेंबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं.